घरातील छळ आणि राज्याचे संरक्षण



नवरा बायकोला मारतो हा घरगुती मामला. त्यात परक्या देशाच्या न्यायासनाने कशासाठी पडावे, असा प्रश्न तुम्हांपैकी काहींच्या मनात आला असेल. वकीलवर्गातही तो विचारला जातो, आणि विचारणारे स्वतःस व्यवहारी समजतात.

१९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय कराराने छळाची पाच कारणे मानली आहेत : वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व आणि राजकीय मत. स्त्री असणे हे कारण त्यांत नाही. (भारताने तर या करारावर सहीच केलेली नाही.) तेव्हा मारहाणीच्या भयाने देश सोडणाऱ्या स्त्रीला बहुधा चौथ्या दारानेच आत यावे लागते.

इंग्लंडात ते दार १९९९ साली लॉर्डांच्या सभागृहाने उघडले. अर्जदार दोन पाकिस्तानी स्त्रिया होत्या. दोघींनाही नवऱ्यांनी घराबाहेर काढलेले, दोघींवरही व्यभिचाराचा आळ. त्या निकालात लॉर्ड हॉफमन यांनी दिलेला दाखला मनन करण्याजोगा आहे. नाझी जर्मनीतील एका ज्यू दुकानदारावर प्रतिस्पर्धी व्यापारी टोळी घेऊन चालून जातात. त्यांचा हेतू धंद्यातील चढाओढीचा. परंतु ज्यूच्या रक्षणास सरकार येणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असते. मग त्याचा छळ वंशामुळे झाला नाही, असे कोण म्हणेल? नवऱ्याच्या मनात काहीही असो. राज्य तिच्याकडे ती स्त्री म्हणून पाठ फिरविते काय, हे पाहावयाचे.

‘पोलिसांकडे का गेली नाहीस?’ हा प्रश्न प्रत्येकीला विचारला जातो. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली एका वेगळ्या प्रकरणात याचे उत्तर दिले. राज्य नागरिकाचे रक्षण करते असे गृहीत धरावे, आणि ते खोडावयाचे तर स्पष्ट व खात्रीलायक पुरावा हवा. मात्र संरक्षण निष्फळ आहे एवढे दाखविण्यासाठी कोणी जीव धोक्यात घालावा, अशी अपेक्षा करता येत नाही.

कायदा पुस्तकात आहे, एवढ्याने भागते काय? तुर्कस्तानात १९९८ पासून कुटुंबसंरक्षणाचा कायदा होता. तरीही २००१ साली बायकोवर चाकूचे सात वार करणाऱ्या नवऱ्याला शिक्षा झाली ती दंडाची, आणि तोही आठ हप्त्यांनी भरावयाचा! पुढच्याच वर्षी त्याने सासूला गोळी घालून ठार केले. हा दावा आश्रयाचा नव्हे. पण २००९ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्यात तुर्कस्तानला दोषी ठरविले, आणि आश्रयाच्या दाव्यांतही हेच तपासावे लागते. युरोपीय संघाच्या न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये, एखाद्या देशातील समस्त स्त्रियाही सामाजिक गट ठरू शकतात, असे सांगितले.

तरीही एक अडसर उरतो. ‘त्याच देशात दुसऱ्या शहरी जाऊन राहा’ असे तिला सांगितले जाते. तेव्हा तिचा माग कोण काढील, एकट्या बाईला तेथे खोली कोण देईल, पोट कशावर भरेल, हे तिच्या जबानीत तपशीलवार आले पाहिजे. आणि फिर्यादीची नक्कल, डॉक्टरचा दाखला, शेजाऱ्यांचे लेखी म्हणणे यांपैकी जे हाती असेल ते पहिल्याच अर्जाला जोडले पाहिजे.