रात्रपाळी आणि शरीरातले घड्याळ



मी डॉक्टर नव्हे. रेल्वेचे रूळ सांभाळणारा डिप्लोमा इंजिनिअर. एकदा रात्रीच्या ब्लॉकनंतर पहाटे वहीत मी गेज १६७६ऐवजी १६६७ मिलिमीटर लिहिला. मुकादमाने चूक दाखवली म्हणून निभावले. तेव्हापासून झोपेविषयी वाचू लागलो.

फळमाशीच्या पेशीत 'पिरियड' नावाच्या जनुकामुळे एक प्रथिन रात्री साठते आणि दिवसा विरते. हेच तिचे घड्याळ. ते उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल मिळाले. माणसातही असेच घड्याळ असते आणि ते उजेडावर जुळते. ड्यूटी बदलली म्हणून ते लगेच बदलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवले.

गाड्या रात्रीही धावणारच. पण घरच्या मंडळींनो, दुपारी पडदे ओढून झोपलेला माणूस आळशी नसतो. त्याला उठवू नका. आणि रात्रपाळीच्या मित्रांनो, पहाटेचा आकडा दोनदा वाचा. मीही आता वाचतो.