ड्रोनची मोजणी आणि आपली भिंत
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आपल्या हिंगणघाटला एका इंग्रजाची कबर आहे. विल्यम लॅम्बटन त्याचं नाव. १८०२ साली मद्रासजवळ साखळी टाकून त्यानं देशाची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. मोजत मोजत उत्तरेला येताना २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटात तो वारला. मोजत होता कंपनी सरकारसाठी. पण त्याची एक सवय आपण उचलावी अशी आहे. कोन मोजत लांबवर गेला, की तो पुन्हा जमिनीवर साखळी टाकी आणि आपलाच हिशेब तपासून पाही.

आता मोजणी आभाळातून होते. गावठाणातल्या घरांना मिळकत पत्रिका देण्यासाठी २४ एप्रिल २०२० ला केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीला आपल्या राज्यात ड्रोनचा प्रयोग झाला होता. आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. घराचा कागद हाती आला तर शेतकऱ्याची पत वाढते. पण कागदावरची रेघ हातभर सरकली, तर दोन सख्खे शेजारी कोर्टाची पायरी चढतात.

रेघ सरकते कशी? साध्या जीपीएसमध्येच काही मीटरची चूक असते. ड्रोन शंभर मीटर उंचीवर असताना कॅमेरा एक अंशानं कलला आणि ते हिशेबात आलं नाही, तर खालची जागा पावणेदोन मीटर सरकते. ड्रोन सेकंदाला दहा मीटर उडतो. फोटोची वेळ सेकंदाच्या दहाव्या भागानं चुकली की आणखी एक मीटर गेला. शिवाय वरून दिसते ती वळचण. भिंत आत असते, आणि हक्क भिंतीचा असतो.

यावर इलाज आहे. उड्डाणाआधी मालकांसमोर हद्दीवर चुना टाकायचा. जमिनीवर ठळक खुणा करून त्यांची जागा अचूक यंत्रानं मोजायची आणि फोटो त्या खुणांना बांधायचे. एकावर एक चढणारे भरपूर फोटो घ्यायचे. एवढं नीट केलं तर चूक काही सेंटीमीटरवर येते.

पण नीट केलं हे कळणार कसं? लॅम्बटनच्या सवयीनं. काही खुणा हिशेबात धरायच्याच नाहीत, बाजूला ठेवायच्या. नकाशा झाला की त्या खुणा नकाशात कुठे पडतात आणि जमिनीवर कुठे आहेत, हे ताडून पाहायचं. जो फरक निघेल तीच खरी चूक. ज्या खुणांवर नकाशा बसवला, त्याच खुणांवर तो तपासणं म्हणजे पोरानं स्वतःचाच पेपर तपासणं.

आपणही टेप घेऊन दोन कोपऱ्यांमधलं अंतर नकाशाशी ताडावं. मात्र सगळा नकाशाच एका बाजूला सरकला असेल, तर टेपला ते कळत नाही. ते कळेल गावठाण संपून वावर सुरू होतं तिथे, जुन्या नकाशाशी जुळवताना. म्हणून ती हद्द आधी पाहा.

आमची मागणी एवढीच: प्रत्येक गावाची चूक सेंटीमीटरमध्ये लिहून ग्रामसभेत वाचून दाखवा, हरकती ऐका, आणि मगच सनद वाटा. तोवर चुना टाकायच्या दिवशी कोणी मजुरीला जाऊ नका, वावरात जाऊ नका. आपल्या भिंतीपाशी उभे राहा.