यंत्राचा रोजनामा



कोठेही जुनी मोटार घेताना
आपण रंग न्याहाळतो, इंजिनाचा आवाज ऐकतो;
परंतु पोर्शेसारख्या क्रीडामोटारीच्या संगणकात जो मूक रोजनामा असतो,
त्याचे स्मरण फार थोड्यांना होते.

इंजिन मर्यादेपलीकडे फिरले,
की हा रोजनामा त्याची दखल घेतो.
काही मोटारींत फिरण्याच्या वेगानुसार अशा नोंदींच्या 6 श्रेणी असतात,
आणि शेवटचा प्रसंग इंजिनाच्या कितव्या तासाला घडला, तेही कळते.

वेग वाढवताना संगणक इंधन रोखून इंजिनाला आवरतो;
मात्र घाईत चुकून फार खालचा गिअर पडला,
तर चाकेच इंजिनाला बळाने फिरवतात,
आणि तेथे संगणकाचा इलाज चालत नाही.

त्यामुळे वरच्या श्रेणीतील ताजी नोंद ही धोक्याची सूचना होय.

म्हणून विक्रेत्याच्या जबानीवर विसंबण्यापूर्वी
हे दप्तर जाणकाराकडून वाचून घ्यावे.
रंग नंतर, रोजनामा आधी.