विरजण राखून ठेवा

1 एप्रिल 2020 रोजी धारावीत कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला, तेव्हा आता या वस्तीचं काही खरं नाही, असंच जो तो म्हणत होता. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरांत आठ-दहा लाख माणसं, दहा बाय दहाच्या खोलीत आठजण, संडास सार्वजनिक. अंतर ठेवायचं कुठे? पण 10 जुलैला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी, साथ आटोक्यात आणता येते याचं उदाहरण म्हणून याच धारावीचं नाव घेतलं.

महापालिका राबली, यात शंकाच नाही. पण धास्तावलेल्या माणसाला दार उघडायला कोणी लावलं? वस्तीत वर्षानुवर्षं दवाखाना चालवणाऱ्या खासगी डॉक्टरांनी. एप्रिलच्या उकाड्यात संरक्षक किट चढवून ते गल्लोगल्ली फिरले, 47 हजारांच्या आसपास माणसं तपासली. किटमध्ये चेहरा दिसत नव्हता; आवाज मात्र ओळखीचा होता.

मला आज एवढंच सांगायचंय, की ही ओळख साथीत जन्मली नाही, ती आधीची होती. दही लावायला आदल्या दिवशीचं चमचाभर विरजण लागतंच ना? धान्य, औषधं, पैसा हे दूध. ते बाहेरून येतं, यायलाच हवं. विरजण मात्र आपल्याच घरात राखावं लागतं. रोज दही लावलं तरच ते टिकतं; आठ दिवस विसरलात की गेलं.

हजारो कामगार गावी निघून गेले, त्यानंही धारावीतली गर्दी घटली, हे खरं.

पण पुन्हा सांगते, ओळख आधीची होती. आपणही तेव्हा डबे पोचवले, व्हॉट्सॲपवर गट काढले. आता? शेजारच्या आजींचं डायलिसिस कोणत्या वारी असतं, ठाऊक आहे? सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून तासभर भांडतो आपण. राग मानू नका, पण हे बरं नव्हे.

या रविवारी आपल्या मजल्यावर, आपल्या गल्लीत एक वही करा. एकटं कोण राहतं, इन्सुलिन कोणाला लागतं, रात्री-अपरात्री गाडी कोण काढेल, एवढं त्यात लिहा. आणि ती वही एकाच घरी नको, दोन घरी ठेवा.