उष्ट्याखरकट्याचा कायदा



घरातील केर उंबरठ्याबाहेर टाकला की आपली जबाबदारी संपली, ही समजूत बहुतेक नगरांत दृढमूल झालेली आहे. या समजुतीला कायद्याने धक्का देणाऱ्या एका नगराची हकीकत मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सान फ्रान्सिस्को येथे जून 2009 मध्ये एक नगरकायदा संमत झाला व त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून अमलात आला. प्रत्येक कुटुंबाने, उपाहारगृहाने, दुकानाने व कचेरीने कचरा तीन डब्यांत वेगळा करणे त्याने बंधनकारक ठरविले. उष्टेखरकटे, भाज्यांची देठे, फळांच्या साली व बागेतील पालापाचोळा हिरव्या डब्यात. कागद, काच, धातू निळ्या डब्यात. आणि उरलेले तेवढे काळ्या डब्यात.

अन्न मातीतून येते व मातीतच जाते; मग त्यासाठी कायदा कशाला, असे कोणी विचारील. परंतु ते मातीत कसे जाते, यावर सारे अवलंबून आहे. कचराभूमीत थरांवर थर दाबले गेले की आतल्या अन्नाला हवा मिळत नाही. प्राणवायूवाचून जगणारे सूक्ष्म जीव ते कुजवितात व त्यातून मिथेन वायू निर्माण होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने, उष्णता धरून ठेवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक प्रभावी आहे. तेच अन्न पाल्याबरोबर रचून ढिगात हवा खेळती ठेवली, तर ढीग आतून तापतो, रोगजंतू व तणांचे बी मरते आणि काही महिन्यांत खत तयार होते. या नगराचे खत आसपासच्या शेतांत व द्राक्षमळ्यांत जाऊ लागले.

मात्र काचेचा तुकडा किंवा प्लास्टिकची पिशवी त्यात मिसळली की खत बिघडते. मिसळणे हे क्षणाचे काम. निवडणे हे दिवसभराचे. एका घराची हयगय शेजारच्या दहा घरांच्या काळजीवर पाणी फिरविते. या नगरात ऐच्छिक व्यवस्था आधीपासून होती. तरीही सक्तीची गरज भासली, ती यामुळेच. दंडाची तरतूद झाली, परंतु भर राहिला तो समज देण्यावर.

या कायद्याने सर्व साधले, असे मी म्हणणार नाही. 2020 पर्यंत कचराभूमीकडे काहीच जाऊ नये, हा नगराचा संकल्प पुरा झाला नाही. आपल्या देशातही 2016 च्या नियमांनी ओला, सुका व घातक कचरा घरातच वेगळा करण्याचे कर्तव्य नागरिकांवर सोपविले. पण नियम राजपत्रात छापला म्हणजे स्वयंपाकघरात पोहोचला, असे होत नाही.

आपण एकत्र टाकलेला कचरा शेवटी कोणाला तरी निवडावाच लागतो. ज्या कामाला आपल्याला अर्धे मिनिट पुरले असते, ते काचेने कापलेल्या हातांनी दुसऱ्याने करावे काय? कायद्याच्या आधी आपण या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे.