आधी सहा घरचे, मग सातवा बाहेरचा
(गणेशोत्सवातील भाषणाचा सारांश)



आपल्या निपाणी-बेळगाव पट्ट्यात कबड्डीचा संघ म्हणजे गावाचा मान. म्हणूनच विचारायला हवे, की मोठी रक्कम मोजून बाहेरचा नामांकित चढाईपटू आणावा का?

प्रो कबड्डीचा दहावा हंगाम आठवा. ऑक्टोबर 2023 च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी 2 कोटी 60 लाखांवर रक्कम मोजली. पवन चांगला खेळला, पण संघ 22 पैकी 2 सामने जिंकून तळाला राहिला. पुणेरी पलटणनेही इराणच्या शादलूला 2 कोटी 35 लाखांना घेतले. मात्र अस्लम इनामदारसारखी मुले त्यांनी आधीच घडवली होती. 1 मार्च 2024 रोजी पलटण विजेती ठरली.

कारण साधे आहे. बाद झालेला चढाईपटू आपणहून आत येत नाही. सहसा साथीदारांनी समोरचा गडी टिपला, तरच तो परततो.

तेव्हा वर्गणीचा पैसा आधी मॅट, प्रशिक्षक आणि पोरांच्या खुराकावर लावू. सहा गडी घरचे तयार झाले, की सातवा खुशाल बाहेरून आणा. त्याआधी आणलात, तर तो बाहेर बसून साथीदारांची वाटच बघत राहील.

गणपती बाप्पा मोरया!