दहा लेकरांची शाळा
(ग्रामसंघाच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



बचत-कर्जाचा हिशोब आत्ताच वाचून झाला. मला बोलायचंय ते आपल्या वाडी-पाड्यावरच्या झेडपीच्या शाळेबद्दल. कुठं पट नऊ, कुठं बारा. २०२३ साली शिक्षण खात्याने २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचे प्रस्ताव मागवले. नंदुरबारचं तोरणमाळ आणि पुण्याचं पानशेत ही उदाहरणं दिली. मोठ्या शाळेत लेकरांना सोबती मिळतात, शिक्षक जास्त मिळतात, हे खरं आहे. पण जिथं मधे ओढा आहे, पावसाळ्यात गाडी येत नाही, तिथं काय? पोरगा कसाबसा जातो. पोरीला मात्र धाकट्याला सांभाळायला घरी ठेवतात. शाळा लांब गेली की आधी पोरीची शाळा सुटते.

बायांनो, शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी, असा नियम आहे. शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका हव्यात.

मग आपण काय करायचं? पहिलं म्हणजे, समितीत कोण आहे ते शाळेत जाऊन विचारा. कदाचित तुमचंच नाव निघेल आणि वही सहीपुरती घरी येत असेल. गटाच्या प्रोसिडिंगवर आपण न वाचता सही करत नाही, मग तिथं का करायची? बैठकीला जा.

दुसरं, ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते. तिथं शाळेचा विषय मांडा, ठराव लिहून घ्या, त्याची नक्कल मागा. उद्या शाळा हलवायची भाषा निघाली, तर तोंडी बोलणं कुणी धरत नाही, कागद लागतो.

तिसरं आपल्याच हातात आहे. लेकरू रोज शाळेत पाठवा. ऊसतोडीला जायचं असेल तर हंगामी वसतिगृहाची मागणी समितीकडे वेळेत करा. पट टिकला तर शाळा टिकेल.

दहा बायांचा गट आपण इतकी वर्षं चालवतो. मग दहा लेकरांची शाळा का चालू नये? पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्या, एवढीच विनंती.